माशांचे पाणी, माणसांचे पाणी

चूक माझी होती आणि ती पाच मुक्या जिवांना भोवली. तुमच्या घरी तसे होऊ नये म्हणून ही हकीगत सांगते.

आमच्या धाकट्याने हट्ट करून तालुक्याच्या बाजारातून पाच गोल्डफिश आणले होते. सोप्यात काचेची पेटी मांडली होती. शाळेतून आला की दप्तर टाकून तो आधी तिच्यापुढे बसायचा. पेटीतले पाणी जरा गढूळ दिसू लागले, तेव्हा एका सकाळी मी ते सगळेच ओतून दिले. तळाची वाळू चोळून धुतली, काच लख्ख पुसली आणि नुकत्याच आलेल्या नळाच्या पाण्याने पेटी काठोकाठ भरली. पावसाळ्याची सुरुवात होती, म्हणून पंचायतीने पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर वाढवली होती. पाण्याला तिचा वास येत होता. मला वाटले, वास येतो म्हणजे पाणी अगदी स्वच्छ आहे. दुपारी मासे वर येऊन धापा टाकू लागले. दिवेलागणीला पाचही उताणे तरंगत होते.

पोर रडले, जेवले नाही. पण खरी काळजी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. त्याने नळाचे पाणी तोंडाला लावायचे सोडले. म्हणाला, "आई, ज्या पाण्यानं मासे मेले, ते आपण कसं प्यायचं?" सासूबाईंना तेवढेच निमित्त पुरले. "मी आधीच म्हणत होते, त्या पावडरीच्या पाण्यापेक्षा आपली जुनी विहीर बरी," असे म्हणून त्यांनी ओढ्याकाठच्या विहिरीवरून घागर आणवली. पावसाळ्यात त्या विहिरीत ओढ्याचे पाणी पाझरते. जुलाब, कावीळ, गॅस्ट्रो हे सगळे अशाच पाण्यातून घरात येते. माझ्या पोटात गोळा आला.

मी पंचायतीच्या जलसुरक्षकाला घरी बोलावले. त्याने छोट्या काचनळीत नळाचे पाणी घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकले. पाणी पिवळे झाले. "वहिनी, पिवळं झालं म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. आता एक बादली भरून रात्रभर उघडी ठेवा, मी उद्या येतो," असे सांगून तो गेला. दुसऱ्या सकाळी त्याच बादलीतले पाणी तपासले, तर थेंब टाकूनही पिवळे झाले नाही. मग त्याने मुलाला समजावले, "बाळ, क्लोरीन उडून गेला. आता हे पाणी माशांना चालेल. पण आपल्याला तो पाण्यात हवा, कारण तोच रोगाचे जंतू मारतो."

गोष्ट साधी आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावा लागतो, म्हणजे पन्नास लाख भाग पाण्यात एक भाग. आपण ते पाणी पितो तेव्हा लाळेत आणि पोटातल्या अन्नात क्लोरीनचा जोर संपतो. मासा मात्र पाण्यातूनच श्वास घेतो. पाणी सतत त्याच्या कल्ल्यांवरून वाहते, नाजूक कातडी पोळते आणि मासा गुदमरतो.

आता माशांचे पाणी कसे तयार करायचे ते पाहा. रुंद तोंडाच्या बादलीत नळाचे पाणी भरून एक दिवस, चोवीस तास, उघडे ठेवावे. मधून मधून ढवळले तर क्लोरीन लवकर जातो. डास अंडी घालू नयेत म्हणून वर विरळ फडके बांधावे आणि दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नये. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरीन घालवणारे औषध मिळते. ते बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. पूर्वी फोटोवाले ज्याला हायपो म्हणत तेच. बाटलीवर लिहिले असेल तेवढेच घालावे.

दोन गोष्टी शेतकऱ्याच्या घरात खास सांभाळाव्यात. माशांचे पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवू नये. तांबे माशांना विष आहे, आणि आपला मोरचूदही तांब्याचाच. दुसरे, फवारणीची बादली कितीही धुतली तरी इथे वापरू नये. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचा अंशही माशांना पुरे होतो. फवारणी करून आलेले हात तर पेटीत मुळीच घालू नयेत.

पाणी एकदम सगळे बदलू नये. चाळीस लिटरची पेटी असेल तर आठवड्याला दहा लिटर काढून तेवढेच मुरलेले पाणी घालावे, आणि ते पेटीतल्या पाण्याइतकेच गार-कोमट असावे. वाळू नळाखाली चोळू नये. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि वाळूत वाढलेले उपयोगी जीवाणू त्याचे विष मोडतात. मी त्यांनाही धुऊन काढले होते! वाळू धुवायचीच तर पेटीतून काढलेल्या पाण्यात नुसती खळबळावी.

आमच्या मुलाने त्या सकाळी पिवळा रंग डोळ्यांनी पाहिला आणि गपागप तांब्याभर नळाचे पाणी प्याला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण विहिरीची घागर त्या दिवसापासून झाडांना जाऊ लागली. पुढे महिन्याभराने तीन मासे आणले, ते आज छान फिरत आहेत. माशांची बादली रोज तोच भरतो.

तेव्हा पाण्याला पावडरीचा वास आला म्हणून पंचायतीला नावे ठेवू नका आणि ओढ्याकडे वळू नका. आपले पिण्याचे पाणी झाकून ठेवा, माशांचे उघडे ठेवा. एवढे सांभाळले की दोघेही सुखी.