तळघर, बाटला, तोटी

१
बदलापुरात मेव्हण्याचं रो-हाउस. खाली तळघर, बिल्डरच्या नकाशात 'स्टोअर रूम'. मेव्हण्याला तिथे बार करायचाय. नुसतं कपाट आणि ग्लास नव्हे, पबमध्ये असतो तसा दांडीचा नळ. दांडी ओढली की ग्लास भरला पाहिजे. बहिणीने एकच विचारलं : पुसणार कोण?

२
काउंटर उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून. आरसा आणि निळी एलईडी पट्टी किमतीतच.

३
८ ऑगस्ट १९४९. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित राहत होते, तिथे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली. गावाचं नाव उल्हासनगर. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदाही १९४९ चाच. याच राजाजींनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली ती १९३७ साली.

४
यंत्रणा तशी सोपी. स्टीलचं पिंप थंडीत. बाहेर कार्बन डायऑक्साइडचा बाटला, त्यावर रेग्युलेटर. गॅस पिंपात वरून शिरतो आणि बिअरवर बसतो; बिअर तळापर्यंत गेलेल्या पोकळ दांडीतून वर चढते, नळीतून नळाला येते. तापमान तीन-चार अंश, दाब दहा-बारा पौंड. मोटरसायकलच्या मागच्या चाकात याच्या दुपटीहून जास्त हवा असते.

गोम नळीत आहे. ती बारीक हवी, तीन-सोळांश इंची, आणि मुद्दाम लांब. फुटाला साधारण दोन ते तीन पौंड दाब ती खाते. पिंपातला सगळा दाब नळापर्यंत पोचता पोचता संपायला हवा, म्हणजे बिअर शांतपणे उतरते. नळी आखूड केली की ग्लासभर फेस.

प्लंबरला हे पटलं नाही. "काका, एवढी बारीक? अर्धा इंची टाकतो ना, फोर्सने येईल."

५
वालधुनी नदीवरच्या फेसावर रेग्युलेटर चालत नाही.

६
साधा फ्रीज पुरत नाही, दारात पिंप मावत नाही. आइस्क्रीमवाल्याचा जुना, आडवा डीप फ्रीजर घ्यायचा आणि वर कंट्रोलर लावायचा. नाहीतर बिअरचा बर्फ. डीप फ्रीजरच्या झाकणावर अजून कुल्फीचं चित्र आहे. मेव्हणा म्हणतो, राहू दे.

७
रेग्युलेटर भाच्याने न्यू जर्सीहून आणला. त्याचे आटे इथल्या बाटल्याला बसत नाहीत. उल्हासनगरच्या दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला.
"मेड इन यूएसए आहे," मेव्हणा म्हणाला.
"साईं, कौन-सा यूएसए? न्यू जर्सीवाला या उल्हासनगरवाला?"

८
गॅससाठी अंबरनाथ. एमआयडीसीच्या आसऱ्याने असलेल्या दुकानात पहिला प्रश्न : "वेल्डिंगला की आग विझवायला?" तिसरं कारण त्यांच्या वहीत नव्हतं. खाद्य दर्जाचा गॅस मागितल्यावर म्हणाले, "सोडावाले नेतात तो? मग तसं सांगा ना दादा."

९
बाटल्याचं घड्याळ बघून गॅस किती उरलाय ते कळत नाही. आत द्रव आहे तोवर काटा जागेवरच राहतो; तो पडायला लागला म्हणजे द्रव संपला. म्हणून बाटला वजनकाट्यावर ठेवून वजन करायचं. आणखी एक गंमत : ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहूच शकत नाही, कितीही दाबा. म्हणजे मे महिन्यात दुपारी बदलापुरात, सावलीतल्या बाटल्यातसुद्धा, आत जे असतं ते धड द्रव नाही आणि धड वायूही नाही.

१०
मेव्हण्याला हिशेब करून दाखवला. पाच किलो गॅस मोकळा झाला तर अडीच हजार लिटरहून जास्त वायू. तळघर दहा बाय बारा, उंची आठ फूट; म्हणजे सत्तावीस हजार लिटर. एक दशांश. हवेत एवढा कार्बन डायऑक्साइड झाला तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हा वायू हवेहून जड, खिडकी शोधत वर जात नाही, तळाशी साचतो.

सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत हळदीची पेवं असत. पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नसे; आधी कंदील सोडायचे. कंदील विझला तर माणूस वरच.

बाटला आता जिन्याच्या वर, बाहेरच्या भिंतीला साखळीने बांधलाय. खाली फक्त नळी येते. भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, अलार्म.

११
अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२. गाभारा मंडपाहून खोल, पायऱ्या उतरून जावं लागतं. शेजारून वालधुनी. जमिनीखाली बांधायचं तर निदान दगडात बांधावं.

१२
२६ जुलै २००५ चा पूर. २७ जुलै २०१९ : बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी, हजारावर प्रवासी होड्यांतून बाहेर काढले.
डीप फ्रीजर विटांच्या चौथऱ्यावर ठेवलाय. चौथरा दोन फूट. ही उंची कुठून काढली विचारलं तर मेव्हणा म्हणाला, "अंदाजाने."

१३
परवाने. एका दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. म्हणजे आजन्म घेतला तर अकराव्या वर्षापासून फुकट. बिअरला वय २१, कडक दारूला २५.
पण हे सगळं पिण्याबद्दल. घरी आंबवणं हा गुन्हा. आणि भरलेलं पिंप परवानाधारक बारकडे जातं, रो-हाउसकडे नाही. हे मेव्हण्याला काउंटर आल्यानंतर समजलं.

१४
गेटवे ब्रूइंगची भट्टी डोंबिवलीत होती. पिंपं मुंबईच्या बारमध्ये जायची. पिणारे परत डोंबिवलीच्या लोकलने.

१५
२०२० साली सरकारने मायक्रोब्रुअरींना ग्राउलर भरून पार्सल द्यायला परवानगी दिली. ग्राउलर म्हणजे घट्ट झाकणाची मोठी बाटली. आणायची, थंड ठेवायची, एक-दोन दिवसांत संपवायची. नळ लागत नाही.

१६
शुक्रवार. एमआयडीसीला सुट्टी म्हणून विजेची दुरुस्ती, आपल्याकडे लाईट नाही, डीप फ्रीजर बंद.

१७
सध्या पिंपात लिंबू सोडा. एकोणीस लिटरचं हे पिंप जगभरच्या घरगुती बिअरवाल्यांचं लाडकं. बनवलं गेलं होतं कोल्ड्रिंकवाल्यांसाठी. सोडा बिअरपेक्षा जास्त दाब मागतो, पंचवीस-तीस पौंड, आणि नळीही अजून लांब. प्लंबरला बोलवायची हिंमत कोणी केली नाही.

सोसायटीतली पोरं संध्याकाळी स्टीलचे पेले घेऊन जिन्यात उभी असतात.

१८
दर पंधरवड्याला नळी कॉस्टिकने धुवायची, मग साध्या पाण्याने. ठिबकण्याच्या ताटलीला निचरा नाही, कारण गटार तळघरापेक्षा वर आहे. खाली बादली. पहिल्या टिपणातल्या प्रश्नाचं उत्तर : मोलकरीण नाही म्हणाली, मेव्हणा स्वतः पुसतो.

१९
बहिणीच्या सासूबाई खाली उतरल्या. दांडी ओढून पाहिली. "यातून ताक येईल का रे?"
कोकम चालेल, पन्हं गाळून चालेल. ताक नको, लोण्याचा कण नळीत बसतो आणि निघत नाही.
"माझ्या ताकात लोणी राहतंय कुठे?"