वसवलेले की घुसलेले?

गडचिरोली जिल्ह्याच्या मुलचेरा-चामोर्शी भागातल्या आमच्या गावांची नावेच त्यांचा इतिहास सांगतात: सुंदरनगर, विवेकानंदपूर, सुभाषग्राम. गोंडी-माडिया नावांच्या मुलखात ही नावे सरकारी कागदावर आधी उमटली, गावे मागाहून उभी राहिली. १९६४ च्या जानेवारीत पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या, तिकडची नमःशूद्र शेतकरी कुटुंबे सीमा ओलांडून आली आणि छावण्यांतून सरकारने त्यांतल्या काहींना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आणून वसवले. आमच्या आजोबांच्या पिढीने हा जिल्हा निवडला नव्हता. नकाशावर बोट ठेवणारे सरकार होते. जमीन सरकारने दिली, सातबारा सरकारने लिहिला. आम्ही इथल्या बांध्यांत धान पिकवले, बोड्यांत मासे सोडले, घरात बांगला आणि शाळेत मराठी बोलत मोठे झालो. तरीही नागरिकत्वाचा विषय निघाला की आमच्या वस्त्यांत आवाज खाली येतात. ही भीती कुठून आली ते नेमके सांगता येते. ती २००३ च्या दुरुस्तीतून आली.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याचा मूळ नियम साधा होता: भारतात जन्मला तो भारतीय. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने, म्हणजे ३ डिसेंबर २००४ पासून, ही अट आणखी आवळली. आईवडिलांपैकी एक जण जरी ‘अवैध स्थलांतरित’ ठरला, तरी मूल जन्माने नागरिक होत नाही, मग दुसरा पालक कितीही पक्का भारतीय असो. आमच्या वसाहतींत याचा अर्थ काय होतो? १९७१ च्या मार्चपर्यंत आलेल्यांना निर्वासित मानून वसवले गेले. त्यानंतर आलेल्या नातेवाइकांना ती ओळख मिळाली नाही, पण माणसे आली, सोयरिकी झाल्या, संसार उभे राहिले. एकाच चुलीभोवती बसणाऱ्या कुटुंबात सासऱ्याकडे पुनर्वसनाचा कागद आणि सुनेकडे काहीच नाही, अशी स्थिती इथे नवलाची नाही. तिचे २००५ साली गडचिरोली जिल्ह्यात जन्मलेले मूल कायद्याच्या अक्षरानुसार कुठलेच ठरत नाही. त्या मुलाने कोणती सीमा ओलांडली?

या दुरुस्तीला विरोध खालून सुरू झाला. २००४ च्या अखेरीस पश्चिम बंगालमध्ये ठाकूरनगरला नमःशूद्रांच्या मतुआ पंथाने उपोषण केले. पुढे निखिल भारत बंगाली उद्वास्तू समन्वय समिती नागपुरातून उभी राहिली आणि महाराष्ट्र, छत्तीसगड, ओडिशा, उत्तराखंड इथल्या वसाहतींना तिने एका मागणीभोवती आणले: निःशर्त नागरिकत्व. यातला ‘निःशर्त’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने नेमका तोच गाळला. त्या कायद्याचे आमच्या अनेक वस्त्यांनी स्वागत केले. चाळीस-पन्नास वर्षे ताटकळलेल्या माणसांना मी त्याबद्दल दोष देणार नाही. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या बिगर-मुस्लिमांना त्याने वाट करून दिली, हे खरे. पण त्या वाटेवर पहिले पाऊल म्हणजे स्वतःच्या सहीने ‘मी परदेशातून आलो’ असे लिहून देणे. मार्च २०२४ मध्ये नियम आले तेव्हा मूळ देशाचा पुरावा मागितला गेला. पुढे ती अट सैल झाली, तरी अर्ज आणि शपथपत्र राहिलेच. ज्याच्याकडे मतदार ओळखपत्र आहे, ज्याने ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली आहे, त्याने आता परकेपणाची कबुली द्यायची आणि अर्ज फेटाळला गेला तर ती कबुली कुणाच्या हाती लागेल याची काळजी करायची. परकीयांविषयीचे जुने कायदे मोडून १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आहे. ‘मी परका नाही’ हे सिद्ध करण्याचा भार त्यातही माणसावरच आहे. म्हणजे २००३ ने लावलेली रांग २०१९ ने मोडली नाही. धर्म विचारून काहींना तेवढे पुढे सोडले.

सीमा असलेल्या देशाला नियम लागतातच, आणि संविधानाच्या ११ व्या कलमाने संसदेला तो अधिकार दिलेला आहे, असे म्हटले जाते. दोन्ही मान्य. पण सीमेवरचा पहारा आणि पाळण्यातल्या मुलाची चौकशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो आला त्याच्याबद्दल राज्याने निर्णय घ्यावा. जो इथेच जन्मला त्याला आईच्या कागदासाठी शिक्षा का? आसाममध्ये राष्ट्रीय नागरिक नोंदवहीच्या ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ माणसे वगळली गेली. कागद तपासून माणूस ओळखण्याचा एवढा मोठा प्रयोग झाला आणि त्या यादीवर आसामातले अनेक पक्ष नाराजच राहिले. महाराष्ट्राच्या वाचकाला आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथल्या अनुसूचित जातींच्या आमदारांच्या बळावर. मंडल नमःशूद्र होते. फाळणीत त्या समाजाचा मोठा मुलूख पाकिस्तानात गेला. त्याच समाजाला आज महाराष्ट्रात नमःशूद्र म्हणून अनुसूचित जातीचा दाखलाही मिळत नाही, कारण ही जात बंगालच्या यादीत आहे, इथल्या नाही.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र शेजारचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. आदिवासी शेजारी म्हणतात, तुम्हाला वसवले ते आमच्या जंगलात. आम्हाला कोणी विचारले होते? नव्हते विचारले. ग्रामसभेची संमती घ्यावी असे १९६० च्या दशकात सरकारला वाटले नाही, आणि तो अन्याय आम्ही केला नसला तरी त्याचा लाभ आम्हाला मिळाला. म्हणून आदिवासींच्या जमिनीवर आमचा नवा दावा असू नये, असे मी आमच्याच माणसांना सांगतो. पण कागदाच्या बाबतीत आम्ही दोघे एकाच बाजूला आहोत. २००६ च्या वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. १९६४ नंतर आणलेल्या कुटुंबाला ही अट कधीच पुरी करता येणार नाही, त्यामुळे आमच्यातल्या जबरानजोतवाल्याला, म्हणजे पट्ट्याविना वनजमीन कसणाऱ्याला, हक्काचा पट्टा नाही. आणि भामरागडच्या डोंगरातला माडिया, जो या भूमीचा सर्वांत जुना रहिवासी, त्याच्याकडे तरी जन्माचा दाखला कुठे असतो? आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला तो एकेकाच्या दाखल्यावर नव्हे, तर गावाने एकत्र बसून, जंगलाशी असलेले आपले नाते मांडून. नागरिकत्वाची देशव्यापी नोंदवही खरोखर उघडली, तर तिची झळ आमच्याइतकीच त्या डोंगरातही पोचेल. तेव्हा एकाने दुसऱ्याला उपरा म्हणण्यात दोघांचेही नुकसान आहे.

म्हणून मागणी मोजकी ठेवावी. मुस्लिम असो, हिंदू असो, माडिया असो, भारतात जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व आईवडिलांच्या कागदांना बांधणारी २००३ ची तरतूद रद्द करावी, आणि राज्याने ज्यांना स्वतः वसवले त्यांच्याकडून परकेपणाची शपथ घेऊ नये. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत असा ठराव आमच्या वसाहतींनी मांडावा आणि शेजारच्या गोंड-माडिया गावांनी त्यावर आपलेही म्हणणे नोंदवावे, ही माझी दोन्हीकडच्या लोकांना विनंती आहे.