लहानशा डोक्याचा पक्षी

लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात, काळजी करू नका असं शिष्यांना सांगताना, प्रभू येशू कावळ्यांचा दाखला देतो. मत्तयकडे त्याच ठिकाणी नुसती आकाशातली पाखरं आहेत. लूककडे मात्र कावळा, लेवीयच्या पुस्तकाने अशुद्ध ठरवलेला. मराठी घरांतही त्याला मान पिंडाला शिवण्यापुरताच. चिऊच्या गोष्टीत तर त्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि मुलं हसतात. आमच्या इंदूरच्या बातम्यांत तो आला तो २०२० च्या डिसेंबरअखेर, डेली कॉलेजच्या आवारात बर्ड फ्लूने मरून पडला तेव्हा.

बंधुभगिनींनो, हा पक्षी हुशार आहे हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. शास्त्रज्ञांना बरीच वर्षं पटेना, कारण मेंदू एवढासा. २००९ साली इंग्लंडमध्ये रूक ह्या कावळ्याच्या भाऊबंदांपुढे अर्धी भरलेली नळी ठेवली. आत पाण्यावर अळी तरंगत होती. त्यांनी खडे टाकून पाणी चोचीपर्यंत आणलं. मडक्याची गोष्ट खरी ठरली! २०१६ मध्ये संशोधकांनी २८ जातींच्या पक्ष्यांच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या. रीत ऐकून गंमत वाटते: मेंदूचं पातळ द्रावण करायचं आणि थेंबातल्या पेशींच्या केंद्रकांवरून हिशेब मांडायचा. पवित्र भूमीतही आढळणारा रेव्हन हा मोठा कावळा घ्या. त्याचा मेंदू साधारण १४ ग्रॅम, आपला १,३०० च्या पुढे. पण त्या १४ ग्रॅममध्ये, विचाराचं काम चालतं त्या भागात, १०० कोटींहून जास्त चेतापेशी. उडायचं तर डोकं जड करून चालत नाही. म्हणून पेशी बारीक आणि सकाळच्या सिटी बससारख्या खच्चून भरलेल्या. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीतून देवाने हे घडवलं, असं म्हणायला मला कधी अडचण वाटली नाही.

हे सगळं मी धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगत होते, तेव्हा दाराशी एक आई उभी होती. तिच्या मुलाचं डोकं जन्मापासून लहान. बोलतो थोडं, मोजके शब्द. वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, "ताई, कावळ्याचं ठीक आहे. याच्या डोक्यात काही दाटीवाटीने भरलेलं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. याला प्रथम कम्युनियनला बसवाल का?"

तिला या आकड्यांचा खरंच काही उपयोग नव्हता. मग मी लूकचा अध्याय पुन्हा काढला. प्रभूने तिथे कावळ्याच्या हुशारीबद्दल एक अक्षरही काढलेलं नाही. तो पेरत नाही, कापत नाही, त्याला कोठार नाही, आणि देव त्याला खाऊ घालतो, एवढंच. ईयोबच्या ३९ व्या अध्यायात तर शहामृगी आहे. तिचा एक डोळा तिच्या मेंदूहून मोठा असतो. देवाने तिला शहाणपण दिलं नाही, ती अंडी मातीत टाकून जाते, असं तिथे साफ लिहिलंय. पण हे बोलतो कोण? स्वतः देव, वादळातून, आणि आपल्या निर्मितीचं वर्णन करताना! ती धावायला लागली की घोड्याला आणि स्वाराला हसते, हेही तोच कौतुकाने सांगतो. मला हा अध्याय फार आवडतो. मिस्सेत तो क्वचितच वाचला जातो.

पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये लहान मुलांसाठी कम्युनियनचं वय सातच्या आसपास आणलं, तेव्हा मुलाकडून फार अपेक्षा ठेवली नाही. ही भाकर नेहमीच्या भाकरीसारखी नाही, एवढं त्याला त्याच्या परीने कळावं. मी फादरांशी बोलले. मग त्या मुलाला वेदीजवळ नेलं, आईने आणलेल्या डब्यातली पोळी दाखवली आणि विचारलं, हे काय? "पोळी," म्हणाला. मग कोशाकडे बोट केलं.

"येशू," तो म्हणाला, आणि हात जोडले.