दुसरा रिमोट

कॅसेट. पिवळी, लाल, क्वचित निळी. टीव्ही गेमच्या खाचेत वरून दाबून बसवायची. लेबलवर ‘9999 इन वन’ छापलेलं असायचं. खरे गेम पंधरा-वीस, पुढे तेच गेम दुसऱ्या नावांनी नाहीतर मधल्याच लेव्हलपासून. पडद्यावर नुसत्या रेघा आल्या की कॅसेट काढून फुंकर मारायची. गेम लागायचा तो फुंकरीमुळे नव्हे, कॅसेट काढून परत घातल्यावर पिना जुळायच्या म्हणून. श्वासातल्या ओलाव्याने उलट पिना गंजायच्या, आणि खाडीवरची हवा ते काम आधीपासून करतच होती. तरी फुंकर मारायचा मान घरातल्या मोठ्या भावाचा.

ही सगळी यंत्रं म्हणजे निन्टेन्डोने 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्या नकला. आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात निन्टेन्डोचं नाव कुणी घेत नसे. मुंबईतले घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आले, त्यांच्यामागून माथाडी कामगारांची कुटुंबं सिडकोच्या बैठ्या घरांत राहायला आली, आणि परीक्षा संपल्यावरच्या मे महिन्यात त्यातल्या एखाद्या घरी ‘टीव्ही गेम’ आला. एका घरी आला की अख्ख्या ओळीचा झाला. दारातल्या चपलांवरून कळायचं, आज कुणाकडे खेळ लागलाय.

दुसरा रिमोट. यंत्राबरोबर दोन यायचे. पहिल्यावर ‘स्टार्ट’चं बटण असायचं, दुसऱ्यावर बहुधा नसायचंच. म्हणून दुसरा रिमोट धाकट्याला, पाहुण्याला, नाहीतर शेजारच्या घरातल्या मुलाला. हरवलेल्या गोष्टींच्या या यादीत मला सगळ्यात जास्त उणीव भासते ती याची.

मी काही जाणकार खेळाडू नाही. पण ‘कॉन्ट्रा’ हा दोघांनी खेळायच्या गेममध्ये सर्वांत उत्तम, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण धबधब्याची लेव्हल. तिथे पडदा वर सरकतो. एक जण उड्या मारत पुढे गेला की खाली राहिलेला पडद्याबाहेर पडून मरतो. शत्रूची गोळी लागायचीही गरज नाही, जोडीदाराची घाई पुरते. ‘थांब ना’, ‘ये ना लवकर’ एवढ्या दोन वाक्यांवर ती लेव्हल पार व्हायची. ‘कॉन्ट्रा’त तीस जीव देणारा तो प्रसिद्ध कोड कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी मुळात 1986 च्या ‘ग्रॅडियस’साठी टाकला होता, कारण तपासताना तो गेम त्यांना स्वतःलाच जड जात होता. ते 2020 च्या फेब्रुवारीत गेले. ‘बॅटल सिटी’मध्येही दोघं जण, टँक घेऊन, मधला गरुड राखायला. चुकून आपल्याच गोळीने गरुड फुटला की भांडण जेवणापर्यंत पुरायचं.

आता दोघं खेळतात ते आपापल्या घरी, आपापल्या फोनवर, कानात बोलत. मैत्री त्यातही होते, ते मी पाहिलंय. पण बाजूला बसलेल्याच्या कोपराचा धक्का लागत नाही, आणि वाट बघणारा तिसरा मुलगा तिथे नसतो. माझ्या मते त्या तिसऱ्या मुलाचं नुकसान सगळ्यात मोठं. बघत बघत शिकणारा तोच होता.

पिस्तूल. बदकं मारायचं. हे आता चालूच शकत नाही, आणि का चालत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा व्हायचा, आणि पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. पिस्तुलाच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक लहानसा भाग असे. आधी काळोख आणि मग नेमका उजेड दिसला, तर नेम लागला. जुन्या खोक्याच्या टीव्हीवर चित्र तत्क्षणी उमटायचं म्हणून हा हिशोब जुळत असे. सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी किंचित वेळ घेतो, तेवढ्यात पिस्तुलाची वेळ टळून जाते. म्हणजे पिस्तूल जपून ठेवलं, कॅसेटही जपून ठेवली, तरी टीव्ही भंगारात गेला त्या दिवशी बदकं सुटली.

पिवळी-पांढरी-लाल वायर. तिच्यासाठीची तीन भोकं आता बऱ्याच नव्या टीव्हींच्या मागे सापडत नाहीत.

केबलवाल्याचा स्वतःचा चॅनेल. रात्री साडेनऊला नवा पिक्चर, खाली सरकणाऱ्या पट्टीत क्लासची जाहिरात, कुणाच्या बारशाचं निमंत्रण, पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. फोन करून पिक्चर सांगता यायचा. दिवाळीत आपल्या सेक्टरच्या किल्ल्यांचं चित्रीकरण त्यावर लागायचं. नवी मुंबईत मार्च 2013 अखेरच्या टप्प्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. चित्र स्वच्छ झालं, चॅनेल शेकड्याने वाढले, आणि आपला सेक्टर टीव्हीवर दिसायचा थांबला.

व्हीसीडी. एका तबकडीवर जेमतेम सव्वा तास मावायचा, त्यामुळे पिक्चर दोन तबकड्यांचा, लांबलचक असला तर तीन. पहिली संपली की कुणीतरी उठायचं, आणि तेच मध्यंतर धरून चहा टाकला जायचा. चित्राचे ठिपके 352 गुणिले 288, आजच्या स्वस्तातल्या स्वस्त स्मार्टफोनपेक्षा कमी. तरी ‘झपाटलेला’ मी त्याच ठिपक्यांत पाहिला आणि रात्री पाणी प्यायला एकट्याने उठलो नाही. महेश कोठारे यांनी 1993 साली केलेला हा पिक्चर 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेला. मूळ इंग्रजी पिक्चर मी नंतर पाहिला. त्यातल्या चकी नावाच्या बाहुल्याची भीती वाटत नाही. रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या तात्या विंचू या बाहुल्याची आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाची आजही वाटते. नक्कल मुळापेक्षा वरचढ असू शकते, हे मला तात्या विंचूने पटवलं.

व्हीसीडी भाड्याने देणारी लायब्ररी म्हणजे रो-हाऊसच्या तळमजल्यावरचा एखादा गाळा. डिपॉझिट, वहीत सही, ‘ओरखडा पडला तर भरून द्यावी लागेल’. या लायब्ऱ्या मोबाइलने बंद पाडल्या असं सरसकट म्हणतात. मला वाटतं, पहिला घाव त्याआधीच बसला होता. 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली. तेवढ्यात विकत मिळते तर भाड्याने कोण घेईल? घराघरांत तबकड्यांच्या चळती झाल्या आणि वहीतली नावं घटली. 2018 मध्ये मोझर बेअरही दिवाळखोरीत निघाली. लायब्ररीवाल्या काकांना आपला पिक्चर कुठला, आपल्या आईचा कुठला, हे पाठ असायचं. ‘हा नेऊ नकोस, शेवट वाईट आहे’ असं ते सांगायचे, आणि तसाच निघायचा.

आर-वर्ल्ड. हे खास आमच्या गावचं. कोपरखैरण्यात रिलायन्स इन्फोकॉमची धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी उभी राहिली, आणि 2003 च्या पावसाळ्यात कंपनीने 501 रुपये भरून फोन घरी न्यायची योजना काढली. त्या फोनमध्ये आर-वर्ल्ड नावाचं बटण होतं. दाबलं की क्रिकेटचा स्कोअर, रिंगटोन, छोटे छोटे गेम. ज्याच्या घरी संगणक नव्हता त्याचं पहिलं इंटरनेट ते होतं, आणि त्याची माहिती कुठल्याही संग्रहात मला सापडत नाही. कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात चालायची. हे गेम त्याच कंपनीच्या जाळ्यावर, त्याच फोनवर. ते जाळं बंद पडलं तेव्हा फोन शाबूत राहिले आणि आतले गेम मात्र कुणालाच पुन्हा काढता आले नाहीत.

चीट कोडची वही. शाळेच्या दोनशेपानीची शेवटची पानं. ‘व्हाइस सिटी’त पँझर टाइप केलं की रणगाडा, ‘सॅन अँड्रियास’मध्ये हेसोयाम टाइप केलं की तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर. सायबर कॅफेत याची झेरॉक्स भिंतीला डकवलेली असे. कोड फुकट देणारा मुलगा मोठ्या मनाचा समजला जाई.

पार्लर. कोपरखैरण्यातल्या तीन टाकीकडून आतल्या गल्ल्यांत शिरलं की सापडायचं. पाटी नसे. पडदा ओढलेला गाळा, चार टीव्ही, चार प्लेस्टेशन-2, बाहेर सायकली. तासाचे पैसे आधी. यंत्रं ‘चिप बसवलेली’, म्हणजे नकली सीडीही चालवणारी, कारण अस्सल गेमची किंमत त्या गल्लीत कुणालाच परवडणारी नव्हती. ती चोरीच होती, हे मला मान्य आहे. पण त्या चोरीवाचून प्लेस्टेशन त्या गल्लीत पोचलंच नसतं, हेही मला मान्य आहे, आणि दोन्ही गोष्टी मी एकदमच मानतो.

तिथली एक वस्तू मला पुन्हा हातात घ्यावीशी वाटते: मेमरी कार्ड. काळं, लहानसं, आठ एमबीचं. आजच्या मोबाइलवरचे दोन-तीन फोटोही त्यात नीट मावणार नाहीत. शौकीन पोरं ते स्वतःचं घेऊन खिशातून आणायची. यंत्र दुकानदाराचं, सीडी दुकानदाराची, पण जिथवर खेळलो ती प्रगती आपली. तीन दिवसांनी दुसऱ्याच टीव्हीसमोर बसून तिथूनच पुढे. कार्ड हरवलं तर मुलगा अक्षरशः आजारी पडल्यासारखा दिसे. त्यात त्याच्या बापाच्या पाकिटातले पैसे साठलेले असत, तासातासाने.

जगात सर्वांत जास्त खपलेलं कन्सोल म्हणजे हे प्लेस्टेशन-2च. सोनीच्या सांगण्यानुसार सोळा कोटी. 2013 च्या जानेवारीत त्याचं उत्पादन थांबल्याची बातमी आली. त्याच्यासाठी भारतात घडलेला पहिला गेम ‘हनुमान: बॉय वॉरियर’, 2009 सालचा, हैदराबादेत बनलेला. खेळायला फारसा चांगला नव्हता. तरी तो निघाला याचं मला मोल वाटतं. त्याआधी आपण फक्त दुसऱ्यांच्या गोष्टी खेळत होतो.

‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील.’ स्टेशनपासून गावठाणापर्यंत मोबाइलच्या दुकानांवर हाताने लिहिलेली ही पाटी असायची. हे कार्ड वेगळं, फोनचं, नखाएवढं. दुकानातल्या दादाच्या संगणकात फोल्डर: ‘हळद’, ‘आगरी-कोळी डीजे’, ‘जुनी हिंदी’, ‘देवी’, ‘पिक्चर नवीन’. लग्नसराईत रांग लागे. नवं कोळीगीत आमच्याकडे रेडिओवरून नव्हे, याच फोल्डरमधून पसरलं, बोनकोड्यातून घणसोलीला, तिथून पार दिव्याला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं. कंपनीचा रिलायन्स कॉर्पोरेट पार्क घणसोलीलाच, आमच्या पुढच्या स्टेशनाजवळ. डेटा फुकट झाला आणि फोल्डरची किंमत संपली. ते दादा आता स्क्रीनगार्ड बसवून देतात. गाणी सगळ्यांना सगळी मिळतात, याचा मला आनंद आहे. पण त्या फोल्डरमधली कितीतरी स्थानिक गाणी, वाड्यातल्या कुणी लिहिलेली, घरच्या घरी ध्वनिमुद्रित केलेली, कुठेही चढवली गेली नाहीत. तो संगणक बदलला तेव्हा ती गेली.

सीडी विकून दुसरी घेणं. प्लेस्टेशन-4 भारतात 2014 च्या जानेवारीत 39,990 रुपयांना आलं, तेव्हा गेम महाग असले तरी खेळून झाल्यावर वाशीत किंवा लॅमिंग्टन रोडला विकता येत होते. चार मित्र मिळून एक गेम घेत, आळीपाळीने नेत. प्लेस्टेशन-5 सोबत 2021 मध्ये सीडीची खाचच नसलेला प्रकारही आला, दहा हजारांनी स्वस्त. ते पैसे वाचवू नयेत असं माझं मत आहे. ज्याला खाच नाही, त्यातला गेम ना मित्राला देता येतो ना विकता येतो. 2024 च्या मार्च अखेरीस युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांना लावता येईना. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2023 मध्ये मोजणी केली: तिथे 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात विकत मिळतच नाहीत. तिथे ही स्थिती आहे, तर ‘हनुमान’ची सीडी शोधायला कुठे जायचं?

क्रिकेट 07. हा यादीत घालावा की नाही, मला ठरवता येत नाही. ईए स्पोर्ट्सने 2006 च्या नोव्हेंबरात काढला आणि त्यानंतर संगणक-प्लेस्टेशनसाठी क्रिकेटचा गेम पुन्हा काढलाच नाही. हक्क फक्त इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे घेतलेले, म्हणून भारताच्या संघात ओळखीचे चेहरे आणि तोडमोड केलेली नावं. पहिला अर्धा तास ती नावं सुधारण्यात जायचा, एकेक अक्षर बाणाने शोधत. समालोचनाला रिची बेनो आणि मार्क निकोलस. कव्हर ड्राइव्ह कधी मारावा हे मला मैदानावर कुणी शिकवलं नाही, बेनो यांच्या आवाजाच्या चढउतारावरून कळलं. फलंदाजी सोपी आहे, क्षेत्ररक्षक मूर्खासारखे धावतात, यष्टिरक्षक झेल सोडतो. नंतर आलेले गेम दिसायला कितीतरी सरस आहेत. तरी मला हाच आवडतो, कारण पाच षटकांचा सामना खेळून जेवायला उठता येतं आणि दुसरा रिमोट जोडता येतो.

भारतातली, पाकिस्तानातली, बांगलादेशातली पोरं त्याचे पॅच करत राहिली: आयपीएलचे संघ, नवी मैदानं, नव्या जर्सी. कंपनीने सोडून दिलेली वस्तू खेळणाऱ्यांनी चालू ठेवली. आमच्या ओळीतल्या एका घरी जुन्या संगणकावर तो अजून आहे. त्यातल्या संघात यशस्वी जयस्वाल सलामीला येतो, आणि नावं सगळी बरोबर लिहिलेली आहेत.