पुढच्या दारचं परडं

आटपाडी,
मृगाचा चौथा दिवस

चि. बाळास,


परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, दिवाळीच्या आत हिरवळ नवी करून घेऊ, माणूस पाठवतो." मी हो-नाही काहीच बोलले नाही. फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. पुढच्या दारची हिरवळ मी काढली. वैशाखातच काढली आणि तिथं परडं केलं. रागावू नकोस, आधी वाच.

गेल्या भादव्यात तिला पिवळे डाग पडले ते कळवलं होतं. ज्यांच्याकडनं बसवून घेतली होतीस त्यांचा माणूस आला, पाणी कमी पडतंय म्हणाला, दोन मुठी युरिया फेकून गेला. डाग वाढतच गेले. एका सकाळी एक पिवळा तुकडा चिमटीत धरून ओढला, तर गोधडीचं टोक उचलावं तसा अख्खा वर आला. खाली मुळं नव्हतीच. वीतभर जागेत नऊ हुमण्या होत्या, पांढऱ्या, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, डोकी तांबूस. त्या खालनं मुळं खात होत्या आणि मी वरनं पाणी ओतत होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. गवतासाठी नव्हे, पाण्यासाठी.

तू म्हणशील, आता टेंभूचं पाणी आलंय. आलंय, आणि त्याचा आनंद माझ्याइतका कुणाला असणार? पण ते कऱ्हाडजवळ कृष्णेतनं उचलतात आणि विजेच्या जोरावर टप्प्याटप्प्यानं चढवत आपल्याकडं आणतात. त्यासाठी १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदा याच आटपाडीत भरल्या. तुझे आजोबा भाकरी बांधून जायचे. मागणी नुसत्या पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती. आता आपल्या हिरवळीचा हिशेब बघ. पंचवीस बाय वीस फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात गवताला रोज पाच मिलिमीटर धरलं तरी २३० लिटर होतात, पंधरा घागरी. बहात्तरच्या दुष्काळात तुझी आजी खडी फोडून यायची, आणि भांडी विसळलेलं पाणी भोपळ्याच्या आळ्यात गेलंय का हे आधी बघायची. तिच्या अंगणात ह्या पंधरा घागरी मला ओतवेनात.

परडं करायचं ठरलं तेव्हा डोळ्यापुढं स्वतंत्रपूर होतं. लहानपणी तुला आम्ही तिकडं फिरायला न्यायचो, आठवतं? औंध संस्थानानं १९३९ साली वसवलेली कैद्यांची खुली वसाहत. कल्पना मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांची, आणि तिला हो म्हणायचं धाडस बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं. मोठ्या शिक्षेची माणसं तिथं बायकापोरांसह राहून शेती करू लागली. त्यावरनंच पुढं १९५७ साली शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला, कथा आपल्या माडगूळच्या गदिमांची. त्यातलं गाणं सगळ्यांच्या ओठावर आहे. मला मात्र आठवतात ते कैदी, आपण पिकवलेली भाजी बाजाराला घेऊन निघालेले. हाताखाली जमीन आली की माणूस कसा सरळ होतो, हे मी स्वतंत्रपूरच्या वाटेनं जाता-येता पाहिलंय. माझ्याही दारात ती चार ओंजळी होतीच, गवताखाली झाकलेली.

काम सोपं नव्हतं. विकतच्या गवताखालनं आपली देशी हरळी शिरलेली होती. तिचं एक कांडं राहिलं तरी पुन्हा फुटते. टिकावानं हातभर खणून घेतलं, एकेक मुळी वेचली आणि माती वैशाखाच्या उन्हात तापू दिली. शेणखत घातलं ते पूर्ण कुजलेलं, हाताला भुगा लागणारं. कच्च्या शेणातनं हुमणी पुन्हा येते. पहिला वळीव झाला त्या संध्याकाळी तिचे भुंगेरे दारच्या लिंबावर जमले. खाली चादर अंथरून काठीनं फांद्या हलवल्या आणि पडले तेवढे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकले. शेजारची पोरं तीन रात्री मदतीला होती. त्यांना पहिल्या दोडक्यांचा शब्द दिलाय.

रोहिणीत वांगी-मिरचीचा तरवा टाकला. गादीवाफा वीतभर उंच केला, म्हणजे पाणी तुंबून रोपं माना टाकत नाहीत. चार-पाच आठवड्यांनी लावणीला येतील. मृग लागताच भेंडी आणि गवार टोकली. दोडका, कारलं, भोपळा आळ्यांत, बी आजीच्याच गाडग्यातलं, राखेत ठेवलेलं. ते मी दर साली धरत आलेय. मृगाचा आपल्याकडं भरवसा नाही, आपला खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा. म्हणून दोन आळ्यांच्या मध्ये एकेक पाझरता माठ गळ्यापर्यंत पुरलाय. दिवसाआड भरला की भागतं. न्हाणीचं पाणी चर काढून वेलांकडं वळवलंय. लिंबोळ्या गोळा करून वाळत घातल्यात. मावा दिसला की पन्नास ग्रॅम कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायच्या आणि गाळून फवारायच्या.

छोटीला लोळायला गवत हवं म्हणून तू ती हिरवळ केली होतीस, हे मी विसरले नाही. नळाच्या कट्ट्याखाली, जिथं सांडपाणी आपोआप जातं, तिथं दोन पावलांची पट्टी राखलीय. विकतचं नव्हे, आपली हरळी. ती मरत नाही. गणपतीला एकवीस दुर्वा तिथनंच काढू, आणि छोटीला बसायलाही पुरेल.

येताना माणूस आणू नकोस, झारी आण. इथली गळते आहे.

आणि छोटीला सांग, आज सकाळी भोपळ्याचं पहिलं रोप वर आलं. बियाचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊनच आलं. मी काढलं नाही. ते त्याचं त्यानं उतरवायचं असतं, संध्याकाळपर्यंत बघते.

तुझी,
आत्या