सोने काळे का पडत नाही

दहावीच्या वर्गात आम्ही शिकवतो : धातू इलेक्ट्रॉन देतात, अधातू घेतात. सोने या नियमात पुरते बसत नाही. सीझियम या धातूशी संयोग झाला की ते त्याचा इलेक्ट्रॉन स्वतःकडे घेते आणि मिठातल्या क्लोरीनसारखे ऋण आयन होऊन बसते.

यंदा रमजानात जकातीच्या हिशेबासाठी दागिने काढले आणि सोन्याचा विषय घरातही निघाला. साडेसात तोळे सोने, साडेबावन्न तोळे चांदी हा निसाब तर घराघरांत पाठ असतो. कसाऱ्याच्या दमट हवेत नानींचे चांदीचे पैंजण काळवंडले होते; त्याच डब्यातल्या बांगड्या मात्र पिवळ्याधमक. त्यातली एक मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी मोडायची होती. मुलगी ती हातात घेऊन म्हणाली, “नानी, हिला काहीच कसे होत नाही?”

“तुझ्या अम्मी-अब्बांना विचार. दोघेही शिकवतात ना?”

सोन्याच्या अणुकेंद्रात 79 प्रोटॉन असतात, चांदीच्या 47. एवढ्या ओढीमुळे सोन्यातले सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. (‘फिरतात’ हे सोयीचे बोलणे, पण घरात चालते.) आइन्स्टाइनने 1905 मध्ये मांडलेल्या सापेक्षता सिद्धांतानुसार इतक्या वेगात त्यांचे वस्तुमान वाढल्यासारखे होते आणि कक्षा आकसते. सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉनही मग केंद्राकडे ओढला जातो, सहजी सुटत नाही. म्हणून हवेतला ऑक्सिजन किंवा गंधक सोन्याला बिघडवू शकत नाही. पिवळेपणाही यातूनच येतो. त्या इलेक्ट्रॉनच्या आतला थर ऊर्जेने थोडा वर सरकतो, दोघांतले अंतर कमी होते आणि निळा प्रकाश शोषला जातो. उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. चांदीत हे अंतर मोठे, तिथे अतिनील किरण लागतात, म्हणून ती पांढरी.

बांगडी सोनाराकडून गलाईवाल्याकडे गेली. सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडची गलाई मंडळी देशभरच्या सराफ बाजारांत हे काम करतात. सोन्यात आधी मुद्दाम जास्तीची चांदी मिसळून वितळवतात, मग ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळतात. चांदी आणि तांबे विरघळतात, सोने तळाशी राहते. सोने विरघळवायला तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाचे आम्लराज लागते : एक आम्ल इलेक्ट्रॉन काढते, दुसऱ्यातले क्लोराइड सुटलेल्या सोन्याला धरून ठेवते.

तेजाबातून निघते ती तपकिरी भुकटी. पुन्हा वितळवली की पिवळी होते. नानींना हे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग फी कोणत्या तारखेपर्यंत भरायची, एवढेच विचारले.