आजीचा आवाज टिपताना

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली म्हणजे विजेच्या सामानाची खाणच! तिथं मिळणारी एचडीएमआय केबल कॉम्प्युटरमधलं चित्र आणि आवाज, दोन्ही एकाच तारेतून टीव्हीवर नेते. आमची आजी गावाहून व्हिडिओ कॉलवर ओव्या म्हणते, तेव्हा सगळं घर टीव्हीपुढं बसतं. पण त्या टिपायच्या कशा? माइक लावला, तर ओवीबरोबर कुकरची शिट्टीही येते! मग ही युक्ती करा. विंडोजवर 'ऑडॅसिटी' या मोफत प्रोग्राममध्ये 'वासापी' निवडा. रेकॉर्डिंगसाठी टीव्हीच्या नावापुढं 'लूपबॅक' लिहिलेला पर्याय घ्या. टीव्हीकडं निघालेला आवाज कॉम्प्युटर आतल्या आतच टिपतो. आधी आजीची परवानगी घ्या हं! ओव्या वहीतही उतरवता येतील. पण आजीचा थकलेला, गोड आवाज वहीत कसा मावणार?